सोन्या, 'नंतर बोलतो' म्हणालास म्हणून लिहितेय

सोन्या, प्रभूच्या नावात सलाम. रविवारी फोन केला तर मम्मी कॉलवर आहे नंतर बोलतो म्हणालास, आणि ते नंतर काही आलं नाही, म्हणून टाईप करत बसलेय. लांब आहे पण जेवताना वाच, नाहीतरी रील्स बघतच जेवतोस. रागावले नाहीये.

रविवारी चर्चमध्ये दहा कुमारींवर संदेश होता, बायबलमधला मत्तय 25, दहा जणी दिवे घेऊन रात्री नवरदेवाची वाट बघतात, पाच शहाण्या जास्तीचं तेल घेतात, पाच मूर्ख घेत नाहीत. संडे स्कूलच्या नाटकात तू मागून 'वर आला हो' म्हणून ओरडायचास, आठवतं का? यावेळी माझं लक्ष भलतीकडेच गेलं, की झोपल्या तर दहाही जणी. शहाण्या पण झोपल्या. म्हणजे थकवा, झोप, नोकरी हे सगळं प्रभूला कळतं रे, फरक फक्त तेलाचा, आणि ते त्यांनी डोळा लागायच्या आधीच घेऊन ठेवलं होतं.

त्यावरून मला आपल्या बडोद्याचा 2024 चा पूर आठवला. तेव्हा नेटवर्क नव्हतं म्हणून तुला पूर्ण सांगितलं नाही असं मी म्हणते, पण खरं म्हणजे लाजेने नाही सांगितलं.

जन्माष्टमीचा सोमवार, पाऊस थांबायचं नावच घेत नव्हता, आणि मी दिवसभर फोनवर. आजव्याच्या तलावाची पातळी किती झाली, काळ्या घोड्याच्या पुलाजवळ विश्वामित्री नदी किती फुटांवर आहे, दर अर्ध्या तासाने कोणीतरी फोटो टाकायचं आणि मी तो पुढे चार ग्रुपवर ढकलायची. इंचाइंचाची माहिती होती मला! आणि पलंगाखालची पेटी पलंगाखालीच. पप्पा म्हणाले 2019 ला एका दिवसात जवळजवळ 20 इंच पडला तेव्हा सुद्धा पाणी उंबऱ्याशी येऊन परत गेलं, शेजारच्या बेन म्हणाल्या कंई नई थाय, काही होत नाही, आणि मी भजी तळायला घेतली. पहाटे पाणी आलं ते दारातून नाहीच, बाथरूमच्या जाळीतून आलं, बुडबुड करत, काळंकुट्ट. पुढे नदी 35 फुटांच्या वर गेली आणि फतेगंजमधून मगरी पकडून नेल्या. स्कूटरवर मगर घेऊन जाणाऱ्या दोन पोरांचा व्हिडिओ तू मला हसायची स्मायली टाकून पाठवलास ना, तेव्हा मी खाली सुपलीने चिखल उपसत होते.

जलप्रलयाआधीच्या नोहाच्या दिवसांबद्दल प्रभू काय म्हणतो बघ. लोक खून-दरोडे करत होते असं त्या ठिकाणी तो म्हणतच नाही, खात होते, पीत होते, लग्नं करत होते, एवढंच. मी भजी तळत होते. आणि लूक 21 मध्ये तर त्याने संसाराच्या चिंता दारूबाजीच्या शेजारी नेऊन बसवल्यात, दोन्हीने मन जड होतं म्हणून. तू दारूला शिवत नाहीस, मी सगळ्यांना सांगत फिरते, पण ते ईएमआय, अप्रेझल आणि रात्री दोनपर्यंतचा लॅपटॉप, त्याने काय मन हलकं होतं का रे?

पप्पा हल्ली यूट्यूबवर शेवटच्या काळाचे व्हिडिओ बघतात, अमुक युद्ध झालं म्हणजे प्रभू अमुक साली परत येणार. मी म्हटलं अहो तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असं तो स्वतः सांगून गेला, मग ह्या टोपीवाल्याला कुठून कळला? हे पण काळ्या घोड्याचे फूट मोजण्यासारखंच आहे, पेटी जागची हलत नाही.

आता न सांगितलेलं. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा वर जायला एकच जिना, आणि वर काका-काकू. सहा वर्षं बोलणं बंद, कशावरून तर पाण्याच्या मोटरचे साडेचार हजार. सहा वर्षं मी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेऊन यायचे आणि त्या जिन्याकडे न बघता घरात शिरायचे. लाईट गेलेली, एका हातात तुझ्या मार्कशीटची पिशवी, दुसऱ्या हातात गॅसचा रेग्युलेटर (तो का घेतला देव जाणे), अशी मी वर गेले, दार वाजवायला हात काही उठेना. वाजवावं लागलंच नाही, दार उघडंच होतं. काकू मेणबत्ती घेऊन उभी, म्हणाली किती उशीर केलात, खिचडी गार झाली.

काकू चर्चला येते ती नाताळला आणि ईस्टरला. त्यावरून मी तिला काय काय नावं ठेवलीत ते तुला माहितीये. तीन दिवस मी तिच्या साड्या नेसले, पिण्याचं पाणी तिने मोजून वापरलं, त्यातलं आधी पप्पांच्या गोळ्यांसाठी बाजूला काढायची. भुकेला होतो तेव्हा खायला दिलंत, परका होतो तेव्हा घरात घेतलंत, त्याच मत्तय 25 च्या शेवटी आहे, न्यायाच्या दिवशी राजा तेच विचारणार. आजपर्यंत ते वाचताना मी स्वतःला वाढणाऱ्यांमध्येच धरत आले होते बाळा. आपण त्यात ताट घेऊन बसलेलो असू असं कधी मनात सुद्धा आलं नव्हतं. आणि काकूला नदीचे फूट माहीत नव्हते, तिचा फोन सकाळपासूनच बंद होता.

पाणी उतरल्यावर मी साडेचार हजार नेऊन दिले. तिने घेतले. मोजले पण!

तर आता तुझं. आमच्या भांडणात तू आणि काकूचा दादा बोलेनासे झालात, आमचं मिटलं, तुमचं तसंच राहिलं, आणि दोघं एकाच पुण्यात. चर्चला जा हे मी सांगणारच आहे, त्यातून सुटका नाही, पण ते पुढच्या रविवारी. दादाला आजच फोन कर, अप्रेझल होऊ दे मग बघू असं नको. नंबर बदललाय त्याचा, वेगळा पाठवते. उचलला नाही तर परत लाव, तो पण तुझ्यासारखाच कॉलवर असतो.

मम्मी