प्रश्नमंजुषेत नव्या संघांनाही जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्नेहसंमेलनांचा हंगाम तोंडावर आला आहे. त्यातल्या प्रश्नमंजुषांबद्दल, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘क्विझ’बद्दल, हे पत्र. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवतो. आमचे दोन-तीन संघ दरवर्षी मोठ्या शहरांतल्या स्पर्धांना जातात. पहिल्या वेळी मुलं हौसेनं येतात, दुसऱ्या वेळी बहुतेक जण नको म्हणतात. हरायची त्यांना भीती नाही. कबड्डीत आणि वक्तृत्वात हीच मुलं हरून पुन्हा उभी राहतात. पण इथे आपण का हरलो हेच त्यांना कळत नाही.

चाळणी फेरीत पंचवीस-तीस प्रश्न येतात. कागद गोळा होतात, सहा संघ मंचावर जातात आणि बाकीचे सगळे प्रेक्षक होतात. आपले गुण किती, सहावा संघ किती गुणांवर आत गेला, असं विचारलं तर ‘ते सांगत नाही’ असं उत्तर मिळतं. मग अंतिम फेरीत क्विझमास्टर ‘इन्फिनिट बाउन्स, पाउन्सला प्लस टेन, मायनस फाइव्ह’ एवढं म्हणून थेट प्रश्नाला हात घालतो. खेळ कळणाऱ्यांना ते पुरतं. पाउन्स म्हणजे आपली पाळी नसताना चिठ्ठीवर उत्तर लिहून देणं, बरोबर आलं तर गुण, चुकलं तर वजा. बाउन्समध्ये एका संघाला न आलेला प्रश्न शेजारच्या संघाकडे जातो, आणि ज्या संघानं उत्तर दिलं त्याच्या शेजारच्या संघाकडून पुढचा प्रश्न सुरू होतो. नियम चांगले आहेत. पण ते मराठीत समजावून सांगायला आणि बिनगुणांचा एक सरावाचा प्रश्न घ्यायला पाच मिनिटं पुरे होतात, आणि तेवढी दिली जात नाहीत.

खरा प्रश्न प्रश्नांचाच आहे. एखाद्या अमेरिकन मालिकेतल्या दुय्यम पात्राचं नाव ज्यानं ती पाहिली त्यालाच येणार. त्यात विचाराला वाव नाही. आता हा प्रश्न बघा : ‘२०२०च्या जूनमध्ये एका सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचं कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. हे सरोवर बेसॉल्ट खडकात उल्कापातानं तयार झालं आहे. ते कोणतं?’ ज्याला गुलाबी पाण्याची बातमी आठवत नाही, तो उल्केच्या धाग्यानं लोणारपर्यंत येतो. आमच्या वर्गात हा प्रश्न घातला तेव्हा मागच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलीनं तो सोडवला. कारण तिचं आजोळ लोणारचं. असे प्रश्न सोपे नसतात. त्यांच्यात शिरायला दोन-तीन दारं असतात, एवढंच. उत्तर मराठीत दिलं तरी ते ग्राह्य धरावं, हे तर सांगायलाही नको.

मंचावरच्या सहा जागांपैकी एक जागा पहिल्यांदाच खेळणाऱ्या संघांतल्या अव्वल संघाला द्यावी, अशी माझी सूचना आहे. गुणवत्तेवर अन्याय होईल, असं काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. खुर्ची दिल्यानं एकही गुण मिळत नाही, तो प्रश्नागणिक कमवावाच लागतो. तरीही पटत नसेल तर सातवी खुर्ची मांडा.

आयोजकांचीही अशीच परवड होते. शेवटच्या वर्षाचा एखादा हुशार मुलगा रात्री जागून एकटाच सगळे प्रश्न काढतो. तो पदवी घेऊन गेला की पुढच्या वर्षी महाविद्यालयात क्विझच होत नाही. भारतातली पहिली खुली क्विझ नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कोलकात्यात घेतली असं मानलं जातं. बंगळुरूची कर्नाटक क्विझ असोसिएशन १९८३ पासून आजतागायत चालू आहे. संस्था उभी राहिली तर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, तो असा. म्हणून प्रश्न काढणाऱ्यानं दुसऱ्या वर्षाची दोन मुलं हाताशी घ्यावीत, प्रत्येक प्रश्न क्विझ न खेळणाऱ्या एखाद्यावर घालून बघावा आणि स्लाइड, उत्तरं, गुणपत्रक, खर्चाचा हिशेब हे सगळं विभागाच्या संगणकावर ठेवून जावं. पहिल्यांदा क्विझ घेणाऱ्याचे चार-दोन प्रश्न चुकतातच. अशा वेळी जुन्या खेळाडूंनी सभागृहातच हुज्जत घालण्याऐवजी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, तर तो पुढच्या वर्षी पुन्हा क्विझ घेईल.

फेब्रुवारीत आम्ही फक्त पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी एक प्रश्नमंजुषा ठेवत आहोत. चाळणीची उत्तरं आणि सगळ्या संघांचे गुण त्याच दिवशी फळ्यावर लागतील. शहरातल्या क्विझ क्लबांतल्या मुलामुलींनी प्रश्न काढायला आणि आमच्या मुलांना ते काढायला शिकवायला यावं, अशी आपल्या पत्रामार्फत विनंती करतो. एसटीचं भाडं, जेवण आणि मुक्कामाची सोय आमच्याकडे.

आपला,
एक प्राध्यापक, जि. बुलढाणा