आलेखातला खळगा : मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि सोबतचा, एसडीएसच्या (सोडियम डोडेसिल सल्फेट या साबणासारख्या पदार्थाच्या) द्रावणांचा पृष्ठताण दाखवणारा आलेख मिळाला. परिषदेत पोस्टर स्वीकारलं गेलं, मनापासून अभिनंदन. पण ते एवढ्यात छापायला टाकू नकोस. तुझ्या आलेखात ७ मिलीमोलरच्या आसपास पृष्ठताण ३४ मिलीन्यूटन प्रति मीटरपर्यंत उतरतो आणि ९ च्या पुढे पुन्हा ३८ वर चढतो. त्या खळग्याला तू ‘मायसेल (म्हणजे रेणूंचे पुंजके) बनण्यापूर्वीची नवी रचना’ म्हटलं आहेस. तो खळगा एसडीएसचा नाही, त्यात मिसळलेल्या डोडेकॅनॉल या तेलकट अल्कोहोलचा आहे. कलिल (कोलॉइड) आणि आंतरपृष्ठांवर (दोन पदार्थांमधल्या सीमांवर) काम करणाऱ्यांच्या कोणत्याही मेळाव्यात हा आलेख लावलास, तर पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी नेमकं तिथेच बोट ठेवेल. तू इतकी मेहनत घेतली आहेस, म्हणून हे आधी माझ्याकडून ऐक.

एसडीएस बनतं डोडेकॅनॉलपासूनच. प्रक्रियेत न लागलेलं थोडं डोडेकॅनॉल पावडरीत राहून जातं, आणि द्रावण ठेवलं की पाण्याशी प्रक्रिया होऊन आणखी तयार होतं. त्या प्रक्रियेत आम्लही सुटतं आणि ते आम्ल तीच प्रक्रिया पुढे रेटतं, म्हणून जुनं द्रावण दिवसागणिक जास्त बिघडतं. डोडेकॅनॉलवर विद्युतभार नसतो. पृष्ठभागावर एसडीएसच्या रेणूंच्या, एकमेकांना दूर ढकलणाऱ्या सल्फेटच्या भारित डोक्यांमध्ये तो जाऊन बसतो, गर्दी घट्ट होते आणि ताण असायला हवा त्यापेक्षा खाली येतो. हजारात एखादा भाग असला तरी पुरतो. मायसेल बनू लागले की त्यांच्या तेलकट गाभ्यात डोडेकॅनॉल विरघळतो, पृष्ठभाग सोडून आत जातो, आणि ताण परत वर चढतो. माइल्स आणि शेडलोव्स्की यांनी १९४४ साली अशा सल्फेटांवर काम करून दाखवलं होतं की नमुना शुद्ध केला की हा खळगा भरून येतो. ताणाच्या उतारावरून पृष्ठभागावर किती रेणू जमले ते सांगणाऱ्या गिब्जच्या समीकरणानेही हेच कळतं. संहती वाढताना ताण चढत असेल, तर सर्फॅक्टंट (पृष्ठभागावर जमून ताण उतरवणारा पदार्थ) पृष्ठभाग टाळतो आहे असा अर्थ निघतो. एसडीएस तसं करत नाही.

तेव्हा आधी पावडर शुद्ध कर. बाटलीवर ९९ टक्के लिहिलं आहे यावर विसंबू नकोस, उरलेला एक टक्काच इथे सगळं बिघडवतो. गरम इथेनॉलमध्ये विरघळव आणि गरम असतानाच गाळ. सोडियम सल्फेट त्यात विरघळत नाही, ते गाळणीवर राहतं. मग सावकाश थंड होऊ दे. स्फटिक गाळल्यावर थंड इथेनॉलने नीट धू, कारण डोडेकॅनॉल स्फटिकांना चिकटलेल्या त्या ओल्या द्रवातच असतो. बहुतेकजण इथेच घाई करतात. असं तीनदा कर. वाळवताना गरम ओव्हन नको, निर्वातात साध्या तापमानाला वाळव.

एवढं करूनही लेशमात्र उरलं, तर फेसाने काढ. सीएमसीच्या (मायसेल बनू लागतात त्या संहतीच्या) जरा खाली, म्हणजे ६ मिलीमोलरचं द्रावण उंच नळीत घे, तळातून नायट्रोजनचे बारीक बुडबुडे सोड आणि वर आलेला फेस ओढून टाकत राहा. डोडेकॅनॉल फेसाबरोबर निघून जातो. खाली राहिलेल्या द्रावणाचा ताण वाढायचा थांबला की झालं. हे काम सीएमसीच्या वर करून उपयोग नाही, तिथे डोडेकॅनॉल मायसेलांत दडून बसलेला असतो.

आता पाणी. यंत्रावर १८.२ मेगओहम-सेंटीमीटर दिसलं की पाणी शुद्ध, असं तू लिहिलं आहेस. तो आकडा फक्त आयनांबद्दल सांगतो. भार नसलेला तेलकट अंश त्याला दिसत नाही, आणि आपल्याला छळतो तो तोच. साधी परीक्षा अशी : स्वच्छ काचेच्या नळकांड्यात पाणी अर्धं भर, जोरात हलव आणि बघ. बुडबुडे सेकंदाभरात फुटले पाहिजेत. कडेला बारीक बुडबुड्यांची साखळी रेंगाळली, तर पाणी किंवा काच, दोन्हीपैकी काहीतरी मळलेलं आहे. त्यानंतर ताण मोज : २० अंशांना ७२.८, २५ अंशांना ७२.० मिलीन्यूटन प्रति मीटर. दर अंशामागे साधारण ०.१५ ने कमी होतो, म्हणून तापमान न लिहिता नुसता ताण लिहू नकोस. ७१.५ आलं तर पुढे जाऊ नकोस, भांडी परत धू. प्लॅस्टिकच्या नळ्या, सिलिकॉनचं ग्रीस आणि हातमोज्याचं बोट ही तीन नेहमीची कारणं. द्रावणं काचेतच ठेव.

मोजायला तू रिंग (तारेचं कडं) वापरली आहेस. चालते, पण तिने उचललेल्या द्रवाच्या आकारासाठी हार्किन्स-जॉर्डनची दुरुस्ती लावावी लागते आणि तार जराशी वाकली तरी आकडा सरकतो. शिवाय ती पृष्ठभाग ताणत वर येते, त्यामुळे सावकाश स्थिरावणाऱ्या द्रावणात समतोलाचा ताण मिळत नाही. माझं मत विल्हेल्मी पट्टीकडे झुकतं, म्हणजे द्रवाला टेकवून टांगलेल्या आणि तिच्यावरची ओढ मोजायच्या प्लॅटिनमच्या पातळ पट्टीकडे. तुमच्या पट्टीची रुंदी १९.९ आणि जाडी ०.२ मिलीमीटर, म्हणजे परिमिती ४०.२ मिलीमीटर. पाण्याचा ताण ७२ धरला तर ओढ २.८९ मिलीन्यूटन, वजनात साधारण २९५ मिलीग्रॅम. म्हणजे एका मिलीग्रॅमची चूक ताणात जवळजवळ पाव एककाची चूक होते. पट्टीवर सुकलेला थेंब किंवा खालच्या कडेला असलेली वाकण तेवढी चूक सहज करते.

प्रत्येक मापनाआधी पट्टी शुद्ध पाण्याने धुऊन बर्नरच्या निळ्या ज्वाळेत लालबुंद होऊ दे. पिवळ्या ज्वाळेत धरलीस तर काजळी बसते आणि पाणी तिच्यावर नीट पसरत नाही. गार झाल्यावर टांग. सगळा हिशेब स्पर्शकोन (पाणी पट्टीला टेकतं तो कोन) शून्य आहे असं धरून चालतो, तेव्हा पाण्यातून वर काढलेल्या पट्टीवर पाण्याचा पातळ थर एकसंध दिसला पाहिजे. मधेच कोरडा ठिपका उघडा पडला तर ते मापन टाकून दे.

स्टॉक द्रावण ५० मिलीमोलरचं कर : २५० मिलीलिटरसाठी ३.६०५ ग्रॅम. खुणेपर्यंत पाणी भरताना फेसामुळे पातळी दिसत नाही, म्हणून भिंतीवरून सावकाश ओत आणि फेस बसेपर्यंत थांब. फ्रीजमध्ये ठेवू नकोस, थंडीत एसडीएस स्फटिकरूपात खाली बसतं आणि वरच्या द्रावणाची संहती तू धरलेली राहत नाही. त्याच दिवशी वापर. तुझ्या आलेखात ६ आणि १० च्या मध्ये दोनच बिंदू आहेत, आणि नेमकं तिथेच सगळं घडतं. १, २, ३, ४, ५, ६ असे घे, मग ६.५ पासून ९.५ पर्यंत अर्ध्या-अर्ध्याने, मग १२ आणि १६. प्रत्येक बिंदूला ताण वेळेसोबत नोंदव. पाच मिनिटांत ०.१ पेक्षा कमी बदल झाला की तो समतोल समज. शुद्ध एसडीएस लवकर स्थिरावतं. तासभर ताण उतरतच राहिला तर डोडेकॅनॉल अजून आहे. खळगा दिसण्याआधीच ही खूण दिसते, म्हणून तिच्याकडे लक्ष ठेव. भांड्यावर झाकण असू दे. बाष्पीभवनाने पृष्ठभाग गार होतो आणि संहतीही वाढते.

सगळं जमलं तर संहतीच्या लॉगवर आखलेल्या दोन रेषा २५ अंशांना ८.२ मिलीमोलरच्या जवळपास छेदतील, तीच सीएमसी, आणि पुढची रेषा जवळजवळ आडवी जाईल.

पृष्ठभागावर एका रेणूच्या वाट्याला येणाऱ्या क्षेत्रफळाच्या हिशेबातही एक चूक राहिली आहे. गिब्जच्या समीकरणात तू गुणक १ घेतला आहेस. मीठ न घातलेल्या एसडीएसच्या द्रावणात डोडेसिल सल्फेट आणि सोडियम दोघेही पृष्ठभागाजवळ जमतात, म्हणून गुणक २. मीठ भरपूर घातलं असेल तरच १. नैसर्गिक लॉगच्या उतारात ताण १७ ने उतरतो असं धर. गुणक २ घेतला की २५ अंशांना दर रेणूमागे ०.४८ चौरस नॅनोमीटर येतात, आणि १ घेतला की ०.२४. घट्ट रचलेल्या स्फटिकात नुसती हायड्रोकार्बन साखळीच सुमारे ०.२ घेते. एकमेकांना ढकलणारी भारित डोकी ०.२४ मध्ये मावणारच नाहीत. कुठलाही आकडा लिहिण्याआधी तो रेणूच्या मापाशी असा ताडून बघत जा.

जोडीला विद्युतवाहकता जरूर मोज. २५ अंशांना पाण्यात स्टॉक थोडं थोडं घाल, वाढलेलं आकारमान हिशेबात धर, आणि उतार बदलतो तो बिंदू काढ. वाहकतेला डोडेकॅनॉल फारसा जाणवत नाही. म्हणून दोन्ही पद्धतींची सीएमसी जुळली आणि खळगाही नसला, तर तुझ्या नमुन्यावर कुणी शंका घेणार नाही. पोस्टरवर शुद्ध करण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आलेख शेजारी शेजारी लाव. मला तर ते आत्ताच्या दाव्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. पाण्याचा ताण, तापमान, पट्टीची परिमिती आणि प्रत्येक बिंदूला थांबलेला वेळ एका कोपऱ्यात ठळक लिही. जाणकार आधी तेच शोधतात.

या क्षेत्राची सुरुवातच स्वच्छतेच्या आग्रहातून झाली आहे. आग्नेस पॉकेल्स यांनी ब्राउनश्वाइगला घरीच, पत्र्याच्या द्रोणीत सरकती पट्टी वापरून, मळलेल्या पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोजला. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी त्यांचं पत्र पुढे पाठवलं आणि ते १८९१ साली ‘नेचर’मध्ये छापून आलं. पृष्ठभागावरचा मळ पट्टीने बाजूला सारायचा, ही त्यांची रीत, पृष्ठभागावरचे थर अभ्यासायच्या लँगम्यूरच्या द्रोणीत आजही वापरात आहे.

परिषदेत जमलं तर फ्लोरीनविरहित अग्निशामक फेसाचं सत्र चुकवू नकोस. स्टॉकहोम करारात (न नासणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात) पीएफओएस २००९ साली, पीएफओए २०१९ साली आणि पीएफएचएक्सएस २०२२ साली, असे फ्लोरीनयुक्त पदार्थ आले, तेव्हापासून अग्निशामक फेस बनवणाऱ्यांना पर्याय शोधणं भाग पडलं. फ्लोरीनयुक्त सर्फॅक्टंट पाण्याचा ताण १५ ते २० पर्यंत उतरवतात. सायक्लोहेक्झेन या इंधनासारख्या द्रवाचा ताण २५ च्या आसपास असतो. त्यातून पाण्याचा हा उतरलेला ताण आणि दोघांमधला आंतरपृष्ठीय ताण वजा करूनही बाकी धन राहते, म्हणून इंधनावर पाण्याचा पातळ पडदा आपोआप पसरतो. साध्या हायड्रोकार्बन सर्फॅक्टंटला हे सहसा जमत नाही. मग सगळा भार फेसाच्या थरावरच येतो : त्यातलं पाणी किती सावकाश निथळतं, इंधनाची वाफ तो किती वेळ रोखतो. ही बाकी काढायला एकेका एककाची अचूकता लागते, आणि तू आत्ता शिकतो आहेस ती मापनं तिथे थेट उपयोगी पडतील.

पुढे कधी फॅरेडे डिस्कशन या रसायनशास्त्राच्या चर्चासत्राला जायचा योग आला तर सोडू नकोस. तिथे शोधनिबंध आधीच वाटलेले असतात, लेखक जेमतेम पाच मिनिटं बोलतो आणि उरलेला वेळ प्रश्नांना दिला जातो. ती चर्चाही निबंधांसोबत छापली जाते.

पहिल्या शुद्धीकरणानंतर ५ मिलीमोलरचं वेळ-ताण टिपण तेवढं पाठव. तासाभराची नोंद पुरे, ती बघून आणखी एकदा स्फटिक काढायचे की फेसाकडे वळायचं ते ठरवू. वाट पाहतो आहे.

तुझा,
अनंत