‘बाबांना सांगू नका, डॉक्टर’

मा. संपादक,
स. न.

बायोप्सी झालेला माणूस बाहेर बाकावर आणि रिपोर्ट घेऊन मुलगा आत केबिनमध्ये, हे कॅन्सरच्या ओपीडीत रोजचंच. ‘बाबांना सांगू नका, खचतील,’ ही विनवणी मायेपोटीच असते. पण हे खोटं निभत नाही. किमोला ‘ताकदीचं सलाईन’ म्हटलं तरी बऱ्याच औषधांनी दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात, फाइलवर ‘ऑन्कॉलॉजी’ (कॅन्सर विभाग) छापलेलं असतं, नातू मोबाइलवर गोळीचं नाव शोधतो. पेशंटला कळतंच, फक्त त्याला बोलायला कोणी उरत नाही. तो घरच्यांना जपतो, घरचे त्याला, आणि मृत्युपत्र, बँकेचं नॉमिनेशन तसंच राहून जातं.

राउंडला उभ्याउभ्या सगळं सांगून मोकळं होणं, हाही उपाय नव्हे. नातेवाइकांशी वाद न घालता आधी त्यांना नेमकी कशाची धास्ती आहे ते विचारावं. मग स्पष्ट सांगावं : मी आपणहून काही लादणार नाही, पण बाबांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. पेशंटशी बसून बोलावं. ‘तुम्हाला काय झालंय असं वाटतं?’ आणि ‘सगळं सांगू, की मुलाशीच बोलू?’ ‘त्यालाच सांगा’ म्हणणारेही भेटतात. तो त्यांचा हक्क. ऐकायचं असेल, तर ‘बातमी चांगली नाही’ एवढं म्हणून थांबावं. मग ‘गाठ’, ‘ग्रोथ’ असली पांघरुणं न घालता ‘कॅन्सर’ म्हणावं आणि गप्प बसावं. नेमकं हेच जमत नाही. लगेच उपचारांची यादी सुरू होते आणि त्यातलं काही पेशंटच्या डोक्यात शिरत नाही. ती पुढच्या भेटीत, कागदावर लिहून द्यावी.

२००२ची वैद्यकीय आचारसंहिता आजार वाढवून वा कमी करून सांगू नका म्हणते; पण पेशंटला सांगायचं की नातेवाइकांना, याबाबत ती मोघमच आहे. संमतीबाबत मात्र संदिग्धता नाही. समीरा कोहली खटल्यात (२००८) पेशंट भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईच्या संमतीने गर्भाशय काढलं होतं. पेशंट सज्ञान होती आणि ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं. म्हणून आईची संमती सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली नाही.

म्हणून रुग्णालयांनी आजाराचं नाव असलेलं मराठी संमतीपत्र पेशंटच्याच हाती द्यावं. ‘किती सांगू?’ याचं त्याने दिलेलं उत्तरही केसपेपरवर लिहावं, म्हणजे त्याने रात्री दोनला विचारलं तर ड्युटीवरच्या सिस्टरची पंचाईत होणार नाही.

– पॅलिएटिव्ह केअरमधील (गंभीर आजारात वेदना व त्रास कमी करणारी सेवा) एक डॉक्टर, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे)