मातीकडे वळताना: ऋणनिर्देश

सांगलीत चित्रकलेचे शिक्षण घेत असताना मातीकामाकडे वळण्याचे धाडस मला ज्यांच्यामुळे झाले, त्यांनी आपली नावे छापू नयेत असे आवर्जून सांगितले आहे; त्यांचा शब्द राखून मी येथे त्यांचे जाहीर आभार मानते.

कुंभारवाड्यातील मावशींनी चाकाला हात लावू देण्याआधी मला माती चाळायला, भिजवायला आणि मळायला शिकवले. मळून झालेला गोळा त्या तारेने मधोमध कापीत आणि छेदावर कुठे हवेचे छिद्र उरले आहे का, ते माझ्याकडूनच शोधून घेत. बोटांना माती कळू लागली ती तिथेच, आणि रेखाटनाच्या वर्गातही इतकी बारीक नजर मला मिळाली नव्हती, असे मला मनापासून वाटते.

आपली विजेची भट्टी विनामोबदला वापरू देणाऱ्या निवृत्त सरांनी, सुमारे ५७३ अंश सेल्सिअसला मातीतील क्वार्ट्झ या गारेसारख्या खनिजाची रचना बदलून ते एकाएकी प्रसरण पावते आणि म्हणून त्या टप्प्यावर आच सावकाश चढवावी लागते, हे भट्टीशेजारी बसून समजावले. भाजण्याआधी काळसर दिसणारे कोबाल्ट ऑक्साइड झिलईत, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, विरघळून निळे होते, हे त्यांनीच दाखवले. समोर दिसेल तोच रंग लावण्याची सवय असलेल्या माझ्यासारखीला तो धडा फार मोलाचा होता.

कच्ची भांडी पेंढ्यात बसवून भट्टीपर्यंत जपून नेणाऱ्या रिक्षावाल्या दादांचीही मी ऋणी आहे.