पगारपत्रक आधी पाहा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

सूनबाईने पाठवलेलं मृत्युलेखाचं कात्रण भिंगाखाली धरून वाचलं. तिच्या खापरपणजोबांचं गाव, मुलानातवंडांची नावं, सगळं नीट दिलंय. पण ‘कस्टरचा विश्वासू स्काउट’, म्हणजे अमेरिकन घोडदळाचा अधिकारी कस्टर याचा वाटाड्या, या ओळीला ना साल, ना लष्करी किल्ल्याचं नाव, ना रेजिमेंट. असला मजकूर घरच्यांनीच छापायला दिलेला असतो, त्यामुळे तो वेगळा पुरावा धरता येत नाही.

सैन्यभरतीच्या नोंदीत नाव नाही म्हणून ती हिरमुसली, असं तू म्हणालास. तिला सांग, धीर सोडू नकोस. माझा जन्म भूमी अभिलेख खात्यात गेला. सातबारावर नाव नाही म्हणून माणूस ती जमीन कसतच नव्हता, असं मी कधी म्हटलं नाही. त्या काळी अमेरिकेतले मूळनिवासी स्काउट १८६६ च्या कायद्याने रीतसर भरती व्हायचे. गोरे स्काउट मात्र बहुधा शिपाई नसायचेच, क्वार्टरमास्टर, म्हणजे फौजेची रसद सांभाळणारा अधिकारी, त्यांना पगारावर ठेवायचा. प्रसिद्ध स्काउट बफेलो बिल कोडीला १८७२ मध्ये मिळालेलं मेडल ऑफ ऑनर हे तिथलं सर्वोच्च शौर्यपदकसुद्धा, तो नागरी नोकर होता म्हणून १९१७ मध्ये रद्द झालं आणि थेट १९८९ मध्ये परत मिळालं. तेव्हा वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली क्वार्टरमास्टरची पगारपत्रकं पाहा. नाव, काम, पगार, मुदत, सगळं त्यात असतं.

कस्टरचं नाव मात्र मला पटत नाही. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायान या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी त्याच्यासकट फौजेच्या पाच कंपन्या संपवल्या. पुढे ‘तिथून मी एकटाच वाचलो’ असं खोटंच म्हणणारे कितीतरी निघाले. हा माणूस रसदीच्या गाड्यांना वाट दाखवत असेल, तर तसंच लिहा. बर्फात पाणी आणि वाट शोधणं हे काही लहान काम नाही. आणि तो मुलूख कुणाचा होता, तेही नातीला सांगा. ते वगळून केलेलं कौतुक मला नको.

नुसत्या आडनावावर पगारपत्रकांत शोध लागणं कठीण. किल्ला आणि साल हवं. त्यासाठी १८७० आणि १८८० ची जनगणना पाहा, तिथे काउंटी आणि धंदा मिळेल. १८९० च्या मागे लागू नका. १९२१ च्या आगीपायी ती जवळजवळ सगळीच गेली.

तिच्या आत्याकडची जुनी पत्रं मागून घ्या, पाकिटांसकट. पोस्टाच्या शिक्क्यावरून गाव कळेल. फोटो पाठवलेत की तारखांचा तक्ता मी इथे करायला घेतो.

तुझे,
बाबा