जुन्या रेल्वे पाट्यांचे वय अक्षरांवरून ठरवावे

संपादक महोदय,

भुसावळ-जळगाव परिसरात भंगारात निघालेल्या 'जी.आय.पी.' (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अक्षरांच्या लोखंडी पाट्या सर्रास 'दीडशे वर्षांपूर्वीच्या' म्हणून विकल्या जातात, हे पाहून वाईट वाटते. ही रेल्वे 1925 मध्ये सरकारने ताब्यात घेतली, तरी तिचे नाव 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य रेल्वे स्थापन होईपर्यंत टिकले. त्यामुळे केवळ आद्याक्षरांवरून पाटी 1951 पूर्वीची, एवढेच म्हणता येते.

खरा पुरावा अक्षरांच्या वळणात असतो. टोकांना फराटे नसलेली, 'गिल सॅन्स' वळणाची इंग्रजी अक्षरे असतील, तर तो टंकच 1928 मध्ये बाजारात आल्याने पाटी त्याआधीची असू शकत नाही. देवनागरी मजकूर तर याहून बोलका असतो. 'धुळें' असे अनुस्वारासह लिहिलेले असेल, तर ते 1962 च्या लेखननियमांपूर्वीच्या वळणाचे मानावे, कारण त्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. मात्र रंगारी जुन्या सवयीने पुढेही ते देत राहू शकतो, हे ध्यानात ठेवावे. स्टेशनच्या पाटीवरील समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत आहे की मीटरमध्ये, हेही पाहावे; फुटांतील पाटी सहसा जुनी.

रंगवलेली पाटी अनेकदा पुन्हा रंगवली जाते. ओतीव अक्षरे बदलता येत नाहीत, म्हणून त्यांची साक्ष अधिक मोलाची. अशी पाटी हाती आली, तर ती घासूनपुसून नव्याने रंगवण्याआधी तिचे छायाचित्र तरी घ्यावे, ही खान्देशातील संग्राहकांना कळकळीची विनंती.

एक वाचक, जळगाव