आई-बाबा, गिरणीच्या बेल्टाबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर आवाज तुटालाय, जांबोटीच्या पुढं पाऊस लागला की रेंजचं काही खरं नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. शेजारच्या पोराकडून वाचून घ्या, आणि बाबा, तुम्ही मधेच उठून जाऊ नका, शेवटपर्यंत ऐका.

बाबा, तुम्ही परवा विचारलंत, एका गाडीला एवढं काय करालाय रे. ती गाडी बेळगावच्या कॅम्पातल्या एका रिटायर्ड कर्नलसाहेबांची आहे, १९६६ ची एमजीबी, दोन सीटची, वरचं टप उघडतं ती. या गाड्या इंग्लंडात ॲबिंग्डन गावात १९६२ पासून १९८० पर्यंत बनत होत्या, चार सिलिंडर, १७९८ सीसी इंजिन. साहेब गोव्याहून परत येत होते, चोर्ला घाट चढताना डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. तो दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि इंजिन चालू झालं की विझतो, चालत्या गाडीत लागला म्हणजे डायनॅमो, बॅटरी चार्ज करतो तो, करंट देत नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता बॅटरीवर घरापर्यंत जाऊ, पण या गाडीत जो बेल्ट डायनॅमो फिरवतो तोच वॉटरपंप फिरवतो आणि पंपाच्याच पुलीवर पंखा बसवलेला असतो. म्हणजे बेल्ट तुटला की करंटही गेला आणि इंजिनातलं पाणी फिरायचंही बंद. पाणी आत भरलेलं असतं हो, पण जागच्या जागी उकळतं, आणि घाटात चढाला तर काही मिनिटांत हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, जातं. साहेबांनी तिथंच कडेला गाडी लावली, बॉनेट उघडलं आणि गरम रेडिएटरच्या झाकणाला हातसुद्धा लावला नाही, मग टेम्पोत घालून गाडी उद्यमबागला आमच्या गॅरेजात आली. ह्या वयात त्यांची ही समज बघून मला खरंच खूप बरं वाटलं. इंजिनाला काहीएक झालेलं नाही.

आता बेल्ट बदलायचा म्हणजे दहा मिनिटांचं काम असं सगळे म्हणतात, पण नीट करायचं तर तसं नाही. आधी बॅटरीची वायर सोडायची. या गाडीत प्लस अर्थ आहे, १९६७ पर्यंतच्या सगळ्या एमजीबीत असंच, म्हणजे बॉडीला प्लसची वायर जोडलेली, त्यामुळे नेहमीच्या सवयीनं हात घालून चालत नाही, बघून सोडायची. मग डायनॅमोचे बोल्ट. डायनॅमो दोन बोल्टांवर झुलतो आणि एका खाचेच्या पट्टीत आवळलेला असतो, हे सगळे सैल करून तो इंजिनकडे ढकलायचा. पाने इंचाचे लागतात, अर्ध्या इंचाचा. आपल्याकडं १३ चा पाना सगळीकडं मिळतो आणि लावला तर बसतो पण, पण तो ०.३ मिलिमीटर मोठा आहे, आणि साठ वर्षं जुन्या बोल्टाची डोकी तेवढ्यानंसुद्धा गोल होतात. म्हणून मी इंचाचा सेटच घेतलाय, महाग पडला पण चालेल.

नवा बेल्ट सरळ घालता येत नाही, समोर पंखा असतो ना. पंखा आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर जागेतून बेल्ट आत सोडायचा आणि पंख्याच्या एकेका पात्यावरून सरकवत न्यायचा, एक पातं, मग पंखा थोडा फिरवायचा, मग पुढचं पातं. मग क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची पुली, पंपाची पुली आणि शेवटी डायनॅमोची. बसत नाही म्हणून काही लोक स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटून चढवतात, ते मला अजिबात पटत नाही. वरून बेल्ट नवाकोरा दिसतो पण आतले धागे तुटलेले असतात आणि तो महिन्या-दोन महिन्यांत परत जातो. डायनॅमो पूर्ण आत ढकलला की बेल्ट हातानं बसतो, बसलाच पाहिजे, नाही बसला तर बेल्टच चुकीच्या मापाचा.

घालायच्या आधी मी तिन्ही पुल्या पुसून बघितल्या, गंज नाही, खाच घासून रुंद झालेली नाही. पंख्याचं पातं धरून पुढंमागं हलवून बघितलं, पंपाचं बेअरिंग ढिलं असेल तर तिथं कळतं, आणि पंपाच्या खालच्या बारक्या भोकातून पाणी पाझरत असलं तर सील गेलं म्हणायचं. दोन्ही ठीक होतं. बाबा, हा व्ही-बेल्ट, म्हणजे खाली निमुळता होत गेलेला, पुलीला पकडतो तो दोन्ही बाजूंनी, तळानं नाही. तो खाचेत खाली टेकला की समजायचं एकतर बेल्ट झिजला नाहीतर पुली, मग कितीही आवळा तो घसरणारच.

आणि आता जे सांगायचं म्हणून एवढं लिहिलं ते. बेल्ट आवळायचा किती. या गाडीला सगळ्यात लांब बाजूच्या मधोमध अंगठ्यानं दाबलं की साधारण १३ मिलिमीटर आत गेला पाहिजे, बस. त्यापेक्षा सैल ठेवला तर सकाळी चालू करताना किंचाळतो, पंप सावकाश फिरतो, दिवे मंद होतात. पण जास्त आवळला तर ते लगेच कळतच नाही, सगळं छान चाललंय असं वाटतं आणि आतल्या आत पंपाचं आणि डायनॅमोचं बेअरिंग खाल्लं जातं. लोकांना वाटतं घट्ट म्हणजे पक्कं. मला गॅरेजात जे जे बेअरिंग गेलेले पंप बघायला मिळाले त्यातले बरेच असे आवळून घालवलेले होते. बोल्ट आवळल्यावर परत एकदा दाबून बघायचं कारण आवळताना माप हलतं, आणि नवा बेल्ट थोडं चालल्यावर ताणतो, म्हणून शंभर-दोनशे किलोमीटरनंतर परत बघायचं. साहेबांना तसं सांगूनच गाडी दिली.

बाबा, गेल्या वेळी घरी आलो होतो तेव्हा आपल्या गिरणीचा बेल्ट मी बघितला. तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलाय तुम्ही. त्याच्या बाजू आरशासारख्या चकचकीत झाल्यात, आतल्या अंगाला चिरा आहेत, आणि वर राळ लावलीय. आजोबांच्या वेळचा इंजिनाचा सपाट पट्टा होता त्याला राळ चालायची, या बेल्टाला नको. ती खाचेत बसते, वर पीठ चिकटतं आणि चार दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त घसरतो. मग तुम्ही मोटर अजून मागं ओढता. मोटरच्या बेअरिंगचा जो घरघर आवाज येतो म्हणता ना, तो व्होल्टेजचा नाही, मला खात्री आहे, तो ह्या ताणाचा आहे.

पण बेअरिंग जाऊ दे, ते मिळतं. बेल्टावर लावायची जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. सारखी काढायला लागते म्हणून ठेवलीय म्हणालात. आई तिथंच पुढं वाकून डबे ठेवते, तिचा पदर बेल्टापासून हातभर पण लांब नसतो. मला रात्री झोपताना ते डोळ्यासमोर येतं, खरंच सांगतो. चालत्या बेल्टात पदराचं टोक गेलं तर बटणापर्यंत हात पोचायच्या आत काय व्हायचं ते होऊन जातं. आई, तू पदर खोचतेस हे मला माहीत आहे, पण सुटतो ना कधीतरी. जाळी आजच्या आज लावा. नट हरवले असतील तर तात्पुरती तारेनं बांधा, पण जाळीशिवाय गिरण चालू करू नका. आणि बाबा, चालत्या बेल्टाला हाताची पाठ लावून गरम झालाय का बघायची तुमची सवय सोडा. गरम झालाय का हे बंद केल्यावर पण कळतं.

आता पावसात गिरणीला गिऱ्हाईक कमी, भात निघाल्यावर तुम्हाला एक दिवस बंद ठेवायला जमणार नाही, म्हणून मी याच महिन्यात येऊन करतो. गिरणीला जोडीनं दोन बेल्ट आहेत, ते दोन्ही एकदम बदलूया. एकच नवा घातला तर जुना ताणलेला असल्यानं सगळा भार नव्यावर येतो आणि तो लवकर जातो. मोटर पट्ट्यांवर सैल करून पुढं ढकलायची, बेल्ट हातानं घालायचे, पुल्या एका रेषेत आहेत का दोरी धरून बघायचं. त्याचं ताणाचं माप वेगळं, दोन पुल्यांमधल्या एक मीटर अंतराला साधारण १६ मिलिमीटर दबला पाहिजे, ते मी तुम्हाला तिथंच दाखवतो. जाळीला बिजागरी लावून आणतो, म्हणजे दरवेळी काढायला नको, दारासारखी उघडायची.

एक काम करा फक्त. मेन स्विच खाली करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, आणि मग बेल्टाच्या पाठीवर नंबर छापलेला असतो तो बघा. आधी इंग्रजी बी असेल आणि पुढं आकडा, तो आकडा म्हणजे बेल्टाची आतली लांबी इंचात. पुसला असेल तर पोराला दोन्ही पुल्यांचा आणि मधल्या अंतराचा फोटो काढायला सांगा, टेप धरून. फोटो आला की मी इथनंच दोन्ही बेल्ट घेऊन येतो, तिकडं खानापुरात शोधत बसायला नको. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर तेही कळव, येताना आणतो.

तुमचा
बाळू